मदत हवी आहे: मिनरल फाउंडेशन कशाने लावायचं? ब्रश, स्पंज की पफ?

अबोली_फोंडा
पुढच्या गुरुवारी भावाचं लग्न आहे, म्हार्दोळला. पार्लरवाली फक्त वहिनीसाठी येणार, माझा मेकअप मलाच करायचाय. मिनरल फाउंडेशन (खनिजांची पावडर) घेतलंय पण चेहऱ्यावर बसतच नाही. नाकाशेजारी आणि हनुवटीवर चट्टे, गालांवर पीठ लावल्यासारखं. डबीबरोबर मिळालेल्या ब्रशनेच लावते. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तोंड धुवावं लागलं. कोणता ब्रश आणू तेवढं सांगा. उद्या पणजीला जातेय, तेव्हाच घेऊन येते.

सुरंगी
सुटी पावडर आहे की दाबलेली? त्वचा तेलकट का कोरडी? खाली काय लावतेस, आणि लावल्यावर किती वेळ थांबतेस?

मडगावची_मीरा
एवढं विचारायचं काय त्यात? काबुकी घे. आखूड दांड्याचा, दाट केसांचा, वरून सपाट कापलेला. मी सहा वर्षं तोच वापरते. झाकणात चिमूटभर पावडर काढायची, ब्रश त्यात गोल फिरवायचा, कडेवर आपटून जास्तीची झाडायची आणि मग चेहऱ्यावर लहान लहान गोल घासत जायचं. सपाट ब्रशने डाग चांगले झाकतात. गोल डोक्याच्या काबुकीने थर हलका बसतो, आणि मोठा भुसभुशीत ब्रश असेल तर नुसती झाक येते. पणजीत ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर मिळेल.

बिंबल_डिचोली
बकरीच्या केसांचा घे. नैसर्गिक केसावर बारीक खवले असतात, त्यात पावडर धरून राहते. नायलॉनचा ब्रश गुळगुळीत, निम्मी पावडर पदरावर पडते.

मडगावची_मीरा
बिंबल, तुझं खरं आहे, पण गोव्यात बकरीचे केस धुतले की दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि ओले असताना वासही येतो. सिंथेटिक लवकर सुकतो. आताचे सिंथेटिक पूर्वीसारखे गुळगुळीत नसतात, पावडरसाठीचे मुद्दाम नागमोडी तंतूंचे करतात.

बिंबल_डिचोली
माझा ११ वर्षं टिकलाय. महिन्यातून एकदा धुते.

सुरंगी
महिन्यातून एकदा? तेलकट चेहऱ्यावर फिरणारा ब्रश आठवड्याला धुवायलाच हवा गे. नाहीतर चेहऱ्याचं तेल केसांत साचतं आणि पावडरीचे गोळे होतात.

नाना_पेडणे
मी दशावतारात ३० वर्षं काढली. आम्ही आपली रंगरंगोटी आपणच करतो, म्हणून बोलतो. आमचा सफेदा म्हणजे झिंक ऑक्साईड. तुमच्या मिनरल पावडरीतही तेच, शिवाय टायटॅनियम डायऑक्साईड, अभ्रक आणि रंगासाठी लोहाची ऑक्साईडं. रात्रभर घाम गाळून चेहरा टिकवायचा तर ओला स्पंज. पॅनकेक, म्हणजे नाटकातला वडीसारखा मेकअप, आम्ही तसाच लावतो, पहाटेपर्यंत हलत नाही.
तुम्ही ज्याला काबुकी म्हणता ते जपानी नाटकाचं नाव. १६०३ च्या सुमारास क्योतोत ओकुनी नावाच्या बाईने ते सुरू केलं. १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली, तेव्हापासून तिथेही पुरुषच स्त्रीपार्ट करतात. आमच्यासारखंच.

मडगावची_मीरा
नाना, माहिती छान. पण पॅनकेक ओल्या स्पंजासाठीच बनवलेला असतो. ही सुटी कोरडी पावडर आहे. स्पंजात पाणी जरा जास्त राहिलं तर तिचा चिखल होईल.

नाना_पेडणे
बाये, स्पंज ओला म्हणजे घट्ट पिळलेला. टॉवेलात दाबून घ्यायचा, हाताला ओल लागता कामा नये. आणि घासायचा नाही, टेकवायचा.

वास्को_वैष्णवी
शेड बरोबर आहे ना? जबड्याच्या कडेला लावून दारात उजेडात बघा. माझी शेड ट्यूबलाइटखाली बरोबर वाटली आणि फोटोत मान वेगळी, तोंड वेगळं.

अबोली_फोंडा
शेड बरोबर आहे, त्याची अडचणच नाही. सुटी पावडर आहे. त्वचा तेलकट, आता मे महिन्यात तर विचारूच नका. खाली सनस्क्रीन लावते आणि लगेच पावडर. ब्रश स्वच्छ असावा म्हणून तिन्ही वेळा त्याच दिवशी सकाळी धुतला होता. हो, आणि घाम आला की गालांना खाज येते. हे आधी सांगायला हवं होतं का?

सुरंगी
अगो, सगळं यातच आहे! दाट ब्रश वरून सुकलेला वाटला तरी आत मुळाशी ओलाच असतो. रात्री धुवायचा, पिळून आडवा ठेवायचा, टोकाची बाजू ओट्याबाहेर लोंबती. उभा ठेवलास तर पाणी दांड्यात उतरतं आणि गोंद सुटतो.
दुसरं, सनस्क्रीन मुरायला १०-१५ मिनिटं दे. मग टिश्यू चेहऱ्यावर नुसता टेकवून तेल उचल. ओल्या सनस्क्रीनवर पावडर जिथे पडते तिथेच चिकटते, तेच तुझे चट्टे. सनस्क्रीन सोडू मात्र नकोस, एवढ्याशा पावडरीने उन्हापासून भागत नाही.
तिसरं, डबीवर सीआय ७७१६३ आकडा (रंगद्रव्याचा क्रमांक) आहे का बघ. ते बिस्मथ ऑक्सिक्लोराइड. चमक देतं, पण काहींना घामात त्याने खाज सुटते.

बिंबल_डिचोली
हे सगळं करण्यापेक्षा आठ दिवस बेसन आणि दही लावा. चेहराच असा होईल की पावडर लागणार नाही.

अबोली_फोंडा
बिंबलताई, लग्नाला आता आठ दिवसही नाहीत. सुरंगी, डबी वाचली. ७७८९१, ७७९४७, ७७४९१, ७७४९२, ७७४९९ आणि अभ्रक. ७७१६३ नाही.

सुरंगी
मग ब्रशच टोचत असणार. तळहाताच्या मागच्या बाजूवर फिरवून बघ. डबीबरोबर येतात त्यांचे केस पुष्कळदा राठ असतात, त्यात तू चट्टे पुसायला जोरात घासत असशील.

अबोली_फोंडा
टोचतोच!! पणजीहून सपाट सिंथेटिक काबुकी आणला, ४२० रुपये. एक मखमली पफही घेतला. आज रंगीत तालीम केली. सनस्क्रीन लावून १५ मिनिटं थांबले, टिश्यू टेकवला. उजव्या गालावर ब्रश, डाव्यावर नानांचा पिळलेला स्पंज. मग पंखा न लावता दोन तास बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसले. उजवा गाल तसाच, खाज नाही. डाव्यावर डाग जास्त झाकले गेले पण दीड तासात तिथे थर दिसायला लागला. नाकाशेजारी ब्रशने अजून नीट बसत नाही.

नाना_पेडणे
तिथे स्पंजाचं टोक वापर. पूर्ण गालाला नको, तेवढ्यापुरतंच.

मडगावची_मीरा
नाकाशेजारी पफ दुमडून, कोरडाच. पावडर पफात आधी चोळून घे आणि दाब. तेलकट जागी दाबलेलीच टिकते. नंतर घाम आला तर आधी टिपायचं, घामावर पावडर मारायची नाही.

अबोली_फोंडा
पफने जमलं! नाना, स्पंजाचं टोकही करून बघितलं, पण पफ मला सोपा वाटला. ब्रश आज धुतला, आता गुरुवारपर्यंत हात लावणार नाही.

सुरंगी
एक राहिलं. तुझ्या डबीवरचे ७७८९१ आणि ७७९४७ म्हणजे टायटॅनियम आणि झिंक, दोन्ही आहेत, फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा उठू शकतो. बुधवारी रात्री दिवे घालवून फ्लॅश मारून फोटो काढ. पांढरं दिसलं तर कपाळावरची पावडर निम्मी कर.