सरोगसी : धाकट्या जावेचे वय आणि न्यायालयाचा आदेश, माहिती हवी आहे

प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव न थांबल्यामुळे माझे गर्भाशय काढावे लागले आणि बाळही वाचले नाही. अंडाशय शाबूत असल्याने आमचे स्वतःचे भ्रूण तयार होऊ शकतात, असे डॉक्टरांचे मत आहे. माझे वय ४१, यजमानांचे ४६. म्हणजे सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ मधील मर्यादेत (पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५) आम्ही बसतो. आमचे बाळ स्वतःच्या पोटात वाढवायला (म्हणजेच सरोगसीसाठी) माझी धाकटी जाऊ आपणहून पुढे आली आहे. तिला दोन मुले आहेत आणि दिरांचीही हरकत नाही.

अडचण तिच्या वयाची आहे. आमचे वय पात्रतेचा दाखला मिळण्याच्या दिवशी मोजतात, तिचे मात्र भ्रूणाचे रोपण होईल त्या दिवशी, आणि ते २५ ते ३५ या दरम्यान असावे लागते. येत्या मार्चमध्ये तिला ३५ पूर्ण होतील. तोच दिवस शेवटचा धरायचा, की ३५ वर्षे आणि वर काही महिने असले तरी चालते? आमच्या वकिलांनी पहिला अर्थ सांगितला, दवाखान्यातील समुपदेशकांनी दुसरा.

रोपणाआधी सरोगसीची वैद्यकीय गरज असल्याचा जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, जावेसाठी ३६ महिन्यांचा विमा आणि बाळाचे पालकत्व व ताबा आमच्याकडे राहील असा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश, एवढे सारे हाती यावे लागते. आदेशासाठीचा अर्ज आम्ही दोघे आणि जाऊ यांनी मिळून करायचा असतो. (एका परिचितांनी ‘स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, पुरे’ असे सुचवले, तसल्या कागदाने या आदेशाची जागा भरून निघत नाही, एवढे आम्हाला समजते.) आम्ही पुण्यात राहतो, जाऊ सांगली जिल्ह्यात. तेव्हा अर्ज कोणत्या न्यायालयात करावा, आणि मंडळाचा दाखला येण्याआधी तो दाखल करून घेतात का?

एजंटमार्फत पैसे देऊन बाई ‘मिळवून देण्याचे’ निरोप कृपया पाठवू नयेत. तो गुन्हा आहे आणि त्यात आम्हीही अडकू. ज्यांनी महाराष्ट्रात ही प्रक्रिया अलीकडे पूर्ण केली आहे, त्यांनी न्यायालयाच्या आदेशाला साधारण किती काळ लागला आणि बाळाच्या जन्मनोंदणीच्या वेळी महापालिकेने किंवा नगरपालिकेने तोच आदेश विनातक्रार स्वीकारला का, हे कृपया कळवावे.