तंजावरच्या चार दिवसांच्या मुक्कामासाठी मदत हवी आहे

नमस्कार. येत्या पौष वद्य पंचमीला धरून मी आणि माझी बहात्तर वर्षांची आई चार दिवस तंजावरला राहणार आहोत. तिथी आईने निवडली आहे. त्या दिवशी तिरुवैयारूला कावेरीकाठी, कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार त्यागराजांच्या समाधीपाशी, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच प्रसिद्ध रचना, गातात आणि ते एकदा समोर बसून ऐकावे, ही तिची फार जुनी इच्छा आहे. गुडघ्यांमुळे तिला जमिनीवर फार वेळ बसवत नाही. सकाळी किती वाजता पोहोचल्यास मंडपात खुर्ची मिळू शकेल, हे तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

माझी ओढ मात्र शिलालेखाची आहे. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सहल कंपनीबरोबर आम्ही बृहदीश्वराच्या आवारात भर दुपारी पोहोचलो. फरशी इतकी तापली होती की अनवाणी पाय ठरत नव्हते, आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास भिंतीवर समोर असूनही मला जेमतेम तीन ओळी वाचता आल्या, तोच बसची हाक आली. ती रुखरुख अजून गेलेली नाही. तिरपे ऊन पडले की उथळ अक्षरे उठून दिसतात, म्हणून विचारतो: त्या भिंतीवर असे ऊन सकाळी येते की संध्याकाळी? मी दोन वर्षे मोडी शिकत आहे. सरस्वती महाल ग्रंथालयातील संग्रहालय सर्वांना पाहता येते, परंतु तेथील मोडी कागद प्रत्यक्ष पाहण्यासाठी अर्ज कसा व किती दिवस आधी करावा लागतो?

जेवणाबद्दल थोडे सविस्तर विचारतो. सांबाराच्या नावाची दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मला त्याहून अधिक कुतूहल, व्यंकोजीराजांच्या काळापासून तेथे वसलेल्या मराठी घरांतील रोजच्या स्वयंपाकाचे आहे. असे घरगुती जेवण पैसे देऊन, आगाऊ सांगून मिळते का? तिरुवैयारूचा मुगाच्या डाळीचा अशोका हलवा आम्ही खाणारच आहोत. कुंभकोणमची कॉफी मागच्या वेळी एका लहानशा दुकानात घेतली होती. पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पुन्हा पेल्यात हातभर उंचीवरून ओतलेली, वर जाड फेस आलेली ती कॉफी आई अजून आठवते. तशी दुकाने आज कोणत्या भागात आहेत?

एक दिवस निसर्गासाठी राखून ठेवला आहे. करिकाल चोळाने कावेरीवर बांधलेला कल्लणै बंधारा अर्ध्या दिवसात होईल, त्याची चिंता नाही. प्रश्न कोडियक्करै की पिच्चावरम, हा आहे. कोडियक्करैला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि काळवीट मोकळे फिरताना दिसतात. पिच्चावरमला खारफुटीच्या जंगलातून होडीने फिरता येते. माझा कल पिच्चावरमकडे आहे, कारण तेथे आईला चालावे लागणार नाही आणि वाटेत चिदंबरमही होईल. परंतु धक्क्यावरून होडीत उतरताना पायऱ्या आहेत का, आणि वल्ह्याची होडी आधी सांगून ठेवता येते का, एवढे कळल्यावरच मी गाडी ठरवीन.