मदत हवी आहे: आईच्या कवळीला तडा दिसतोय, दुरुस्त होईल की नवीच करावी लागेल?

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीजवळ राहतो. आई सत्तरी ओलांडलेली, वरची-खालची पूर्ण कवळी बसवून सहा-सात वर्षं झाली. सुरुवातीला छान जमलं होतं. गेल्या चवथीपासून खालची कवळी बोलताना उचलते, नेवरी चावायला घेतली की एक बाजू सुटते. उंडा (कडक पाव) खाणं तिने सोडलंच आहे. परवा नात्यात बारसं होतं, तिथे सगळ्यांना आग्रह करून वाढलं आणि स्वतः फक्त सोलकढी-भात खाऊन उठली. मला ते फार लागलं.

आता वरच्या कवळीवर, पुढच्या दोन दातांच्या मागे टाळूच्या मधोमध, बारीक रेघ आलीय. नख फिरवलं की अडकतं. ओठांचे कोपरे चिरलेत आणि खाली उजवीकडे हिरडी लाल होऊन दुखते. मामा म्हणतात फेविक्विक लावून टाक, दात दाखवायला कशाला जायचं. आई म्हणते, वय झालं की असंच. मला दोन्ही पटत नाही. कोणती तक्रार घरी निभावते आणि कोणत्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे जायलाच हवं? आणि जायचं कुठे?

प्रतिसाद (दंतवैद्य, मडगाव)

ताई, फेविक्विक अजिबात नको. त्याने तुकडे थोडेसे तिरके बसतात, मग लॅबवाल्याला ते नीट जुळवता येत नाहीत, आणि तोंडाच्या आतल्या त्वचेलाही त्याचा त्रास होतो. कवळी घासून, कानशीने झिजवून बसवायचा प्रयत्नही करू नका. ज्या जागी टोचतंय तीच जागा नेमकी कुठे, हे आम्हाला तोंडात बघूनच कळतं.

तुम्ही सांगितलेल्या तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षी जास्त, पुढे हळूहळू पण आयुष्यभर. खालचा जबडा वरच्यापेक्षा जास्त झिजतो, शिवाय तिथे कवळीला आधार कमी आणि जीभ सतत हलणारी, म्हणून आधी खालची सैल होते. वरच्या जबड्यात कडेचं हाड झिजतं, पण टाळूच्या मधलं कठीण हाड तसंच राहतं. मग कवळी मध्यावर टेकून दोन्हीकडे डुलते, प्रत्येक घासाला किंचित वाकते, आणि एक दिवस मधोमध तडा जातो. म्हणून नुसता तडा जोडून दिला तर काही महिन्यांत तिथेच पुन्हा जाईल. आधी कवळी नीट बसेल असं करायला हवं. याला रिलाइन म्हणतात: जुन्या कवळीच्या आत नवं माप घेऊन त्यावर ॲक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकचा, नवा थर देतात.

घरी एवढं पाहा: कवळी तोंडात असताना दाढांवर आळीपाळीने हलकं बोट दाबा. एका बाजूला दाबल्यावर दुसरी उचलत असेल तर डॉक्टरला दाखवायची वेळ झाली आहे. ओठांचे कोपरे चिरतात त्याचं कारण बहुधा कवळीचे दात झिजून तोंड जास्त मिटतं, तिथे लाळ साठते आणि बुरशी येते. दात फार झिजले असतील तर रिलाइन पुरत नाही, नवा सेट करणं शहाणपणाचं. आईचं वय हे कारण नाही, तिला तसं नक्की सांगा.

हिरडीवरचा लाल भाग कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत बरा झाला नाही, किंवा तिथे गाठ, पांढरा चट्टा दिसला, तर वाट न पाहता दाखवा. यात हयगय नको.

प्रतिसाद (फोंडा)

माझ्या सासूबाईंचं काम बांबोळीला झालं, गोवा दंत महाविद्यालयात. १९८० पासूनची संस्था आहे, जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळच. तिथे कवळीचा वेगळा विभाग आहे, प्रोस्थोडॉन्टिक्स म्हणून विचारा. पणजीहून बांबोळीला बस मिळते. शिकाऊ डॉक्टर बघतात, वर मोठे डॉक्टर तपासतात. सकाळी लवकर पोचा आणि दोन्ही कवळ्या सोबत न्या, तडा नसलेलीही. तुटलेला कण जरी पडला असेल तरी डबीत घालून घ्या.

मूळ लेखिका

मनापासून आभार. बोट दाबून पाहिलं, खालची स्पष्ट उचलते. आई तयार झाली आहे, पण तिला एकच धास्ती, कवळी लॅबमध्ये गेली तर घरात कार्य असताना ती बोडक्या तोंडाने कशी बसणार? आणि तोवर रोज पेस्ट लावून ती घासते, ते चालतं का?

प्रतिसाद (दंतवैद्य, मडगाव)

कार्याची तारीख डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांना वेळ ठरवता येते. तडा जोडायला बहुतेक वेळा फार दिवस लागत नाहीत, रिलाइनला लॅबप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या खरखरीत कणांनी चरे पडतात आणि घाण साठते. मऊ ब्रश, साधा सौम्य साबण आणि थंड पाणी. उकळतं पाणी कधीच नको, ॲक्रिलिक वाकतं. रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवा, हिरडीला विश्रांती मिळू द्या. जायच्या आदल्या दिवशी जेवण सोडून बाकी वेळ कवळी काढलेलीच असू द्या, सूज उतरली की माप चांगलं येतं. दरम्यान वरच्या कवळीने कडक काही चावू नका, नुस्तें-भात, खतखतं, पेज ठीक आहे.