मुनरोचा कॉर्बेट झाला, आता माझे 40 की 39?

ओलेबूट:
मंडळी, भांडण घरातलं आहे, पण निवाडा तुमच्याकडून हवाय.

2008च्या जूनमध्ये आम्ही दोघांनी स्कॉटलंडमध्ये ग्लेन कॅरनमधले मोरुस्क आणि त्याच्या शेजारचा स्गूर नन क्यानीखन असे दोन मुनरो (स्कॉटलंडमधले 3000 फुटांवरचे, एका ठरलेल्या यादीतले डोंगर) एका दिवसात केले. (गेलिक नाव कानावर पडलं तसं लिहिलंय, जाणकारांनी माफ करावं.) पायथ्याला इतकी दलदल की माझा डावा बूट आतच राहिला, पाय तेवढा बाहेर आला. दुसऱ्या माथ्यावर धुक्यात सँडविच खाल्लं आणि ओल्या बोटांनी वहीत '17' लिहिलं, माझा सतरावा मुनरो. तो आकडा अजून फिसकटलेला आहे.

मग मुलं झाली, डोंगर थांबले, आता पुन्हा सुरू केलेत. गेल्या महिन्यात वहीतले डोंगर अ‍ॅपमध्ये भरायला बसले. माझ्या जुन्या पुस्तकात 284 मुनरो, अ‍ॅपमध्ये 282. आणि माझा 17 नंबर गायब! तो निघाला कॉर्बेटच्या, म्हणजे 2500 ते 3000 फुटांमधल्या डोंगरांच्या यादीत. नकाशावर 915 मीटर होता, 2009 साली नीट मोजला तर 913.43 भरला. मुनरोला 3000 फूट, म्हणजे 914.4 मीटर लागतात. 97 सेंटिमीटरनी नापास.

नवरा म्हणतो, तुझे 40 नाहीत, 39. मी म्हणते, मी चढले तेव्हा तो मुनरो होता. (याचाही एक कमी होतोच, पण मधल्या काळात हा एकटा जाऊन दोन जास्तीचे करून आलाय, म्हणून न्यायबुद्धी जागी झालीय.)

खरी शंका वेगळीच. डोंगर काही खचलेला नाही. मग आधीचं 915 आलं कुठून?

तिपाई:
ओलेबूट ताई, मोजणीच्या कामात बरीच वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. नकाशावरच्या अशा बऱ्याच उंच्या विमानातून काढलेल्या फोटोंवरून काढलेल्या असतात. डोंगराळ भागात त्यात दोन-तीन मीटरचा फरक सहज पडतो. 800 मीटरच्या डोंगराला त्यानं काही बिघडत नाही, रेघेवर बसलेल्याची मात्र पंचाईत.

आता माणसं उपग्रहाचा रिसीव्हर घेऊन वर जातात. तुमच्या फोनमधला नव्हे, मोजणीचा. आधी लेव्हल (पातळी पाहायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) लावून नेमका सर्वांत उंच बिंदू शोधायचा. तो त्रिकोणमितीच्या खांबापाशीच (जुन्या मोजणीसाठी माथ्यावर बांधलेला खांब) असेल असं नाही, कधी पाच पावलांवरचा एखादा खडक निघतो. तिथे रिसीव्हर ठेवून दोन-दोन तास नोंदी घ्यायच्या. सूर्यास्ताला वाऱ्यात ते दोन तास कसे जातात ते विचारू नका. घरी येऊन ज्यांची जागा नेमकी ठाऊक आहे अशा पक्क्या केंद्रांच्या त्याच वेळच्या नोंदींशी ताळा घालायचा. मग पाचेक सेंटिमीटरपर्यंत भरवसा धरता येतो.

तुमच्या 17 नंबरसारखाच दुसरा बेन अ ख्लायव. नकाशावर 916, मोजला तर 913.96. तो 2012 साली गेला. म्हणून 284चे 282.

एक पुरवणी: मुनरोतून पडला की कॉर्बेटमध्ये आपोआप जागा मिळत नाही. त्याला चहूबाजूंनी 500 फुटांचा उतार लागतो, म्हणजे शेजारच्या उंच डोंगराकडे जाणारी खिंडही मोजावी लागते. आणि खिंड मोजणं माथ्यापेक्षा कटकटीचं. धारेवरून जाताना सर्वांत खालचा आणि दरीतून दरीत जाताना सर्वांत वरचा, असा एकच बिंदू चिखलात शोधायचा असतो.

फूटपट्टी:
पण सगळे खालीच जातात असं नाही हं. वेल्समधला ग्लिडर वाउर नकाशावर 999 होता, 2010 मध्ये 1000.8 निघाला. आणि इंग्लंडमधला काफ टॉप तर कहर आहे. 2010 साली मोजला तेव्हा 609.58, म्हणजे 2000 फुटांना (609.6, तिकडे 'माउंटन' म्हणवून घ्यायची रेघ) दोन सेंटिमीटर कमी. 2016 मध्ये 609.606. सहा मिलिमीटरनी पास! तिपाईराव, पाच सेंटिमीटरचा भरवसा म्हणता आणि सहा मिलिमीटरवर निकाल देता? सहा वर्षांत गवत वाढलं वाटतं.

तिपाई:
गवत धरत नाहीत, नैसर्गिक जमीनच धरतात.

काफ टॉप वाढला नाही, शून्य सरकलं. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून. आपल्याला हवी असते समुद्रसपाटीपासूनची, जी ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरावर 1915 ते 1921 या काळात घेतलेल्या सरासरीवर बेतलेली आहे. या दोहोंत तिकडे साधारण 50 मीटरचं अंतर आहे, जागोजाग कमीजास्त. ते किती हे सांगणारं प्रारूप 2016 मध्ये बदललं. जुन्याच नोंदी नव्या प्रारूपातून काढल्या आणि काफ टॉप वर आला.

सहा मिलिमीटरचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. तो अंक चुकीचा नाही, पण त्यावर मी पैज लावणार नाही. रेघ कुठेतरी आखायची, म्हणून आखलेली.

कातळकडा:
ताई, मनावर घेऊ नका. यादी ज्यानं केली तो ह्यू मुनरो तुमच्याहून दुर्दैवी. 1891 साली 283 डोंगरांची यादी छापली आणि कार्न क्लोइख-वूलिन हा डोंगर अगदी शेवटी करायचा म्हणून राखून ठेवला. 1919 मध्ये गृहस्थ वारला, तो राहूनच गेला. 1981 मध्ये त्या डोंगराचं मुनरोपद काढलं.

तुमच्या 40 की 39 बद्दल म्हणाल तर ज्यांची यादी जुन्या आकड्यांप्रमाणे पूर्ण झाली, त्यांची पूर्णच राहते. तुमची चालू आहे, तेव्हा नवरोबा बरोबर आहेत. 39.

ओलेबूट:
अरे देवा. त्याला हा धागा दाखवणार नाही.

बरं, 17 च्या बाजूला पेन्सिलनं 'कॉर्बेट' लिहिलंय, खोडलेला नाही. अजून एकच विचारते. बेन नेव्हिसला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या सर्वांत उंच डोंगरावर, मी माथ्यावरच्या दगडांच्या ढिगावर चढून फोटो काढलाय. ते दगड धरतात का उंचीत?

तिपाई:
नाही. ढीग माणसांनी रचलेला, त्याच्या बुडाची जमीन धरतात. उतरून पुन्हा काढा.