मदत हवी आहे: चिकूच्या हृदयाच्या गोळ्या, पाणी आणि ढोलाचा सराव

नमस्कार मंडळी,

आमचा चिकू पॉमेरियन आहे, वय ११, वजन पाच किलो. त्याचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) जाड होऊन गळतोय. मर्मर (ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज) आधीच सापडली होती, पण मागच्या वर्षीच्या इकोतसुद्धा (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाचा आकार ठीक होता, म्हणून डॉक्टरांनी औषध न देता फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. या पावसाळ्यात एका रात्री फुप्फुसात पाणी झालं आणि ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आता घरी आहे, जेवतो, शेपूट हलवतो. जिना चढू देत नाही, उचलून आणतो.

सध्या पिमोबेन्डान १.२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, लॅसिक्स ४० च्या गोळीचा पाव तुकडा दोन वेळा, आणि आता नव्याने एनालाप्रिल व स्पायरोनोलॅक्टोन. डॉक्टर चांगले आहेत, फोनही उचलतात. पण घरातले रोजचे प्रश्न ज्यांनी हे स्वतः निभावलंय त्यांनाच नीट कळतील, म्हणून हा धागा.

सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. माझी आई स्वतः हृदयाची पेशंट आहे. तिला डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय, आणि तीही लॅसिक्सच घेते. त्यामुळे तिचं म्हणणं सरळ आहे: एकीकडे पाणी काढायची गोळी द्यायची आणि दुसरीकडे वाडगा भरून ठेवायचा, याला काय अर्थ? रात्री नऊनंतर ती चिकूचं भांडं उचलून ओट्यावर ठेवते. तो ओट्याखाली जातो आणि भांड्याच्या जागेवरची ओली फरशी चाटत बसतो. मला ते बघवत नाही. आईला ठणकावूनही सांगता येत नाही, कारण तोच नियम ती स्वतः पाळते आणि त्याच्या काळजीनेच हे करते. शिवाय रात्री दोनदा-तीनदा त्याला खाली न्यावं लागतं, तेही तिला दिसतं. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) थोडं वाढलेलं आलं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

दुसरं, पिमोबेन्डान जेवणाआधी तासभर द्यायचं असतं. चिकू नुसती गोळी थुंकतो. चीजमध्ये घालून घेईल, पण त्यात मीठ. तुम्ही कशात देता?

तिसरं, आम्ही नारायण पेठेत नदीपात्राजवळ राहतो आणि पथकांचा सराव सुरू झालाय. ढोल वाजले की तो दिवाणाखाली जाऊन धापा टाकतो. ही भीतीची धाप आहे की पुन्हा पाणी भरतंय, हे घरी कसं ओळखायचं?

आणि एक मनाला लागलेली गोष्ट. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, मर्मर सापडली तेव्हाच पिमोबेन्डान सुरू केलं असतं तर ही वेळ आली नसती. खरं आहे का हे?

आगाऊ धन्यवाद.

सिंहगड रोडवाला (प्रतिसाद)

पाणी अजिबात बंद करू नका! आमच्या डॅशहुंडला हेच औषध होतं. आम्ही संध्याकाळची लॅसिक्स रात्री दहाची सातवर आणली, डॉक्टरांना विचारूनच, आणि सकाळचीही त्याच हिशोबाने. झोपायच्या आधीच बरीचशी लघवी होऊन जायची. बाल्कनीत जुनी चादर आणि वर्तमानपत्रं टाकून ठेवा, रात्रीचा जिना वाचेल.

गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, पण चिकूला तपासलेलं नाही, तेव्हा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. बाकीचं सांगतो.

आईंना माझ्यातर्फे सांगा, फुप्फुसातलं पाणी वाडग्यातून येत नाही. व्हॉल्व्ह गळला की रक्त उलटं डाव्या वरच्या कप्प्यात जातं, तिथला दाब वाढतो, तो मागे फुप्फुसाच्या शिरांपर्यंत पोचतो आणि द्रव झिरपतो. लॅसिक्स तो द्रव लघवीवाटे काढते. गोळीने लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. त्यात भांडं उचललं तर शरीर कोरडं पडतं, किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. एनालाप्रिल किडनीतला दाब मुळातच थोडा उतरवतं, त्यामुळे अशा कोरडेपणाची झळ जास्त बसते. क्रिएटिनिन वाढायला रात्रीचं बंद पाणी हे एक कारण असू शकतं. डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा, त्यांना माहीत नसेल. आईंचा दीड लिटरचा नियम त्यांच्यासाठी बरोबर आहे, तो त्यांनी पाळावाच. कुत्र्याला मात्र चोवीस तास पाणी हवं. हात आखडता घ्यायचा तो मिठाबाबत: पापड, फरसाण, ब्रेड, आमटीतला भात बंद.

या गोळ्यांवर क्रिएटिनिन थोडं हलतंच. नवीन गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत किडनी आणि पोटॅशियम तपासतात ते त्यासाठीच. लॅसिक्स पोटॅशियम घटवते, स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिल ते राखून ठेवतात, म्हणून तोल बघावा लागतो. आकडा पाहून घाबरून स्वतःहून लॅसिक्स बंद करू नका. दोन दिवसांत पुन्हा ऑक्सिजनवर आलेली कुत्री मी पाहिली आहेत.

धाप ओळखायची तर ढोल चालू असताना मोजूच नका. तो गाढ झोपला की छाती वर-खाली झाली म्हणजे एक श्वास, असे ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ती भीतीच होती. झोपेतही पुन्हा पुन्हा ३० च्या वर जात असेल तर त्याच दिवशी फोन. मान ताणून, कोपरं बाहेर काढून बसला, आडवं व्हायला तयार नाही, हिरड्या निळसर दिसल्या, तर मोजत न बसता दवाखाना गाठा. रोज लिहून ठेवलंत तर ती वही डॉक्टरांना खूप उपयोगी पडते. ढोलासाठी घरात जुनी झोपेची गोळी पडून असेल तर ती देऊ नका, काही गोळ्या रक्तदाब खाली आणतात. डॉक्टरांना आधी विचारा.

त्या गृहस्थांचं म्हणणं मनावर घेऊ नका. पिमोबेन्डानवरचा एपिक नावाचा मोठा अभ्यास २०१६ साली आला. लक्षणं नसलेल्या कुत्र्यांत या गोळीने हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबलं, हे खरं. पण त्या अभ्यासातल्या कुत्र्यांचं हृदय आधीच मोठं झालेलं होतं. नुसती मर्मर आहे आणि आकार ठीक आहे, अशा टप्प्यावर ही गोळी देण्याची शिफारस नाही. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं.

एक छोटी गोष्ट: लॅसिक्सला उजेड चालत नाही. पाव तुकडे करून ठेवत असाल तर बंद, कोरड्या डबीत, आणि थोड्याच दिवसांचे. पिवळे पडलेले तुकडे टाकून द्या. आईंच्या आणि चिकूच्या डब्या वेगळ्या खणात ठेवा. आणि खोकला आला तर घरातलं सर्दी-खोकल्याचं औषध किंवा दुखण्यावरची गोळी अजिबात नको. दुखण्याच्या गोळ्या या औषधांसोबत किडनीवर घाला घालतात.

मनीची आई

माझ्याकडे मांजर आहे, त्यामुळे औषधं वेगळी, पण गोळी भरवण्यात मी मुरलेय. मनीच्या हृदयाची भिंत जाड झालीय. तिला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल ७५ ची पाव गोळी रोज. इतकी कडू की जिभेला लागली तर तोंडातून फेस येतो. केमिस्टकडून रिकाम्या कॅप्सूल आणल्या, तुकडा आत घालते आणि लोण्याचं बोट फिरवून सरळ जिभेच्या मागे. मीठ नसलेलं घरचं लोणी हं. चिकूला उकडलेल्या रताळ्याचा शेंगदाण्याएवढा गोळा करून बघा, बिनमिठाचा. आधी दोन रिकामे गोळे द्यायचे, तिसऱ्यात औषध, लगेच चौथा दाखवायचा. चौथ्याच्या नादात तिसरा गिळला जातो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरांचा डॉक्टर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावला, मग उठून भांडं स्वतःच खाली ठेवलं. काल झोपेत २४ मोजले. क्रिएटिनिन पुन्हा करायला रक्त सोमवारी देतोय, पाण्याचंही सांगते. रताळं चाललं!

अजून एक: अनंत चतुर्दशीला त्याला बाणेरला मावशीकडे न्यायचंय. सकाळी सातची लॅसिक्स प्रवासाआधी द्यावी की पोचल्यावर?

गुरांचा डॉक्टर

वेळ बदलू नका. गोळीनंतरच्या पहिल्या दोन तासांत लघवी सगळ्यात जास्त होते, म्हणून सातला गोळी, एक-दोनदा खाली नेऊन आणा आणि नऊनंतर निघा. पण चतुर्दशीला पेठांतले रस्ते बंद असतात, आदल्या दिवशीच जा. गाडीत पाणी आणि गोळ्यांची डबी हाताशी ठेवा, डिकीत नको. आणि बाणेरजवळ रात्री उघडा असणारा, ऑक्सिजन असलेला दवाखाना कोणता, ते आजच फोन करून विचारून ठेवा.