मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये बेरीज (सम फंक्शन) दर वेळी वेगळी येते

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या एका काजू खरेदी केंद्राचा डेटाबेस आहे. रकमेचा कॉलम मुळात रिअल प्रकारचा, म्हणजे मोजकेच अंक नेमके धरणारा. तीच क्वेरी परत चालवली की हंगामाची बेरीज थोडी बदलते. पॅरलल वर्कर (एकच क्वेरी वाटून घेणाऱ्या प्रोसेस) शून्य केले की आकडा स्थिर राहतो, पण बरोबर येत नाही. कारण उघड आहे: बेरजेचा क्रम बदलला की राउंडिंग बदलतं, आणि रिअलची बेरीज रिअलमध्येच होते. १,६७,७७,२१६ च्या पुढे तिला विषम रुपयासुद्धा धरता येत नाही, पैशांचं तर सोडाच.

बेरीज करताना डबल प्रिसिजनमध्ये (रिअलहून जास्त अंक धरणारा प्रकार) कास्ट केलं, म्हणजे रूपांतर केलं, की निभावतं, पण ती मलमपट्टी. कॉलम न्यूमेरिक(१२,२) करायचा आहे, म्हणजे नेमके बारा अंक, त्यातले दोन दशांशाचे. इथे एक खोच आहे. रिअल थेट न्यूमेरिकमध्ये नेला तर सहाच अंक उरतात, १२३४५६.७८ चे १२३४५७ होतात. म्हणून आधी डबल, मग न्यूमेरिक, मग दोन दशांशांवर राउंड. तरी १,३१,०७२ च्या वरच्या रकमांत पैसे आधीच हरवलेले असू शकतात. त्या वजन गुणिले दर करून पुन्हा काढणार.

प्रश्न दोन:

१. ऑल्टर टेबलने पूर्ण टेबल लॉक होतं आणि हंगामात काटा थांबवता येत नाही. त्याऐवजी नवा कॉलम, ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) आणि तुकड्यातुकड्याने अपडेट, यात कुठे अडकायला होतं?

२. न्यूमेरिकऐवजी बिगइंटमध्ये (मोठा पूर्णांक) रक्कम रुपयांऐवजी पैशांत साठवणं कोणी करतं का? रिपोर्टमध्ये शंभराने भागायला कोणीतरी विसरणारच, हीच धास्ती.