'आठवण' करून द्यायची की काढायची?

विचारणा:
स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना घरच्यांशी बोलणं सोपं जावं म्हणून आम्ही दोघी एक अ‍ॅप मराठीत आणतोय. माणसाच्या फोटोवर बोट ठेवलं की व्हिडिओ कॉल लागतो, एवढंच. 'रिमाइंडर'ला शब्द हवाय. 'स्मरणपत्र' म्हटलं की थकलेलं बिल डोळ्यांपुढे येतं. शिवाय 'स्मृतिभ्रंश' हा शब्द पडद्यावर असावा का?

उत्तर १:
नसावा. बोलायला बसलेल्या माणसाला आपल्या आजाराचं नाव कशाला वाचायला लावायचं? एरवी शब्द चांगला आहे. 'भ्रंश' म्हणजे ढळणं, 'अपभ्रंश'मधला तोच. गीतेत (२.६३) 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' येतं, पण तिथे तो क्रोधातून उपजतो, तो आजार नव्हे. 'म्हातारचळ' मात्र कुठेच नको. जपानने असाच हिणवणारा 'चिहो' हा शब्द २००४ मध्ये अधिकृत वापरातून काढला आणि 'निन्चिशो' आणला.

उत्तर २:
'आठवण' एकच, पण क्रियापद बदललं की सगळं बदलतं. 'आठवण करून देणे' म्हणजे एकाला माहीत आहे, दुसरा विसरलाय. 'आठवण येणे' आपोआप. 'आठवण काढणे' मात्र मायेने होतं, तपशील चुकला तरी काही बिघडत नाही. गोळ्यांसाठी 'औषधाची वेळ झाली' एवढं पुरे. माणसांसाठी लिहा, 'नाशिकच्या ताईंनी आठवण काढलीय'.

आणि कळकळीने सांगते, 'ओळखा पाहू' असं काही ठेवू नका. माझ्या आईला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "ओळखलंत का मला?" ती कसनुसं हसायची. पुढे पुढे दार वाजलं की आतल्या खोलीत जाऊन बसायची. फोटोखाली नाव आणि नातं आधीच लिहा. स्कॉटलंडमध्ये डंडी आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांच्या संशोधकांनी 'सर्का' नावाचं टचस्क्रीन साधन केलं. त्यात घरच्या फोटोंऐवजी त्या काळातली सार्वजनिक छायाचित्रं, गाणी मुद्दाम घेतली. बरोबर उत्तर असं नसतंच, त्यामुळे गप्पा सुरू होतात.

विचारणारी:
'ओळखा' होतं, आजच काढलं. बटणावर 'बोल' की 'बोला'?

उत्तर २:
'बोला'. आईला आपण 'अगं' म्हणतो, पण अ‍ॅप तिचं लेकरू नव्हे. आजोबांनाही तेच चालेल.